मायाच्या माश्या

माझ्या बायकोने घरात पाखरं पाळली आहेत असं सांगितलं की लोकांना पोपट वाटतात. कौतुकाने बघायला येतात आणि मागच्या खोलीचं दार उघडलं की शिंकत बाहेर पळतात. आत असतात तांदळातली पाखरं. डब्याचं झाकण काढल्यावर जे राखाडी काहीतरी भुर्रकन नाकासमोरून जातं आणि घरातली बाई "कीड लागली गं" म्हणून कपाळाला हात लावते, तेच पाखरू. आमच्याकडे ते उडालं की माया मलाच दटावते, "अहो, दार लोटून घ्या आधी. बाहेर जाईल ना ते!"

जाऊ दे की, असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं कळलं आहे की मायाशी भांडायचं असेल तर आधी जेवून घ्यावं.

माया मोरिवलीची. अंबरनाथच्या कारखान्यांना खेटून जे गाव उरलं आहे, तिथली. सासरे किसनराव कारखान्यात बॉयलरवर होते. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसवून त्यांनी मुलीचा अभ्यास घेतला आणि तिने बँकेत लागावं म्हणून जीव टाकला. ही निघाली प्राणिशास्त्र शिकायला. पदवी घेऊन अंबरनाथच्याच एका लहानशा संस्थेच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. काम काय, तर मित्रकीटक वाढवायचे. सासरे मरेपर्यंत लोकांना "लॅबमध्ये आहे" एवढंच सांगायचे. पुढे कोणी विचारलं की खोकायचे.

ते काम समजायला सोपं आहे, गळी उतरायला अवघड. सागाच्या पानावर एक पतंग अंडी घालतो. अंड्यातून अळी निघते, ती पान खाते आणि शिरा तेवढ्या मागे ठेवते. पावसाळा सरताना बारवी धरणाच्या रस्त्याने गेलात तर सागाचा अख्खा उतार करपल्यासारखा दिसतो, तो या अळीमुळे. आता एक माशी आहे. गांधीलमाशीच्या कुळातली, पण आकार एवढा की पेनाने कागदावर टिंब द्यावं आणि ते चालायला लागावं. माणसाला ती काही करत नाही. ती त्या पतंगाचं अंडं शोधते आणि आपलं अंडं त्याच्या आत घालते. मग आतलं सगळं तिचं पिल्लू खाऊन टाकतं. पतंगाचं अंडं काळं पडतं आणि त्यातून अळीच्या ऐवजी माशी बाहेर येते. चोर जन्माला यायच्या आधीच त्याच्या घरात पोलीस. विष नको, पंप नको.

पण माशी वाढवायची तर तिला अंडी लागणार. रानातल्या पतंगाची अंडी रोज कोण आणून देणार? म्हणून तांदळातली पाखरं. त्यांना भरड ज्वारी खाऊ घालायची, त्यांची अंडी चाळायची, जाड कागदावर डिंकाने चिकटवायची आणि त्यावर माश्या सोडायच्या. अंडी काळी पडली की कार्ड तयार. त्याचे तुकडे करून सागाच्या पानाखाली टोचायचे. दोन-तीन दिवसांत माश्या निघतात आणि कामाला लागतात. तयार कार्ड फ्रिजमध्ये ठेवलं तर थोडी चालढकल होते, फार नाही.

संस्था बंद पडली तेव्हा शहाण्या माणसाने दुसरी नोकरी बघितली असती. मायाने टेम्पो बघितला. बेलवलीला आमच्या बिल्डिंगखाली टेम्पो उभा राहिला तेव्हा माझ्या आईला, चांगुणाबाईंना, वाटलं शोकेस आलं. शेजारणींना तसं सांगूनही झालं होतं. टेम्पोतून उतरले जाळी लावलेले लाकडी ट्रे आणि त्यातली पाखरं. आई त्या दिवशी जेवली नाही.

तेव्हापासून आमच्या घरात काय चालत नाही ते सांगतो. मच्छरची अगरबत्ती चालत नाही. झुरळाचा फवारा चालत नाही. फिनेल चालत नाही. बेलवलीला पावसाळ्यात मच्छर असे असतात की नावाने हाक मारतील, तरी आम्ही मच्छरदाणीत घामाघूम होऊन झोपतो, कारण मागच्या खोलीत बाईसाहेबांच्या माश्या झोपलेल्या असतात. आई पौर्णिमेला बुद्धांपुढे अगरबत्ती लावायची. तीही बंद झाली.

"मेणबत्ती लावा ना आई," माया म्हणाली. "उदबत्तीच्या धुराने माझ्या माश्या मरतात."

"भगवंतांनी मुंगीसुद्धा मारू नका सांगितलंय, म्हणून गप बसते," आई म्हणाली. "नाहीतर एकेक चेचली असती."

माझी गोष्ट तर आणखी वाईट. मी कुठे नोकरीला आहे? फवारणीचं औषध बाटल्यांत भरणाऱ्या कारखान्यात, फिटर. शिफ्ट संपवून आलो की मला दारातच उभं करतात. कपडे बाहेर, बादलीत. मी बाथरूममध्ये. अंगाला साबण दोनदा. मग घरात प्रवेश. पाहुणे आले असले तर टॉवेलवर त्यांना नमस्कार करायचा. मोठ्या भावाने एकदा हसत विचारलं, "काय राजेंद्र, सोवळं सुरू केलंस की काय?" त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

ज्वारी आणायलाही मीच. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये भूपेशचं धान्याचं दुकान आहे. सिंधी माणूस, गोड बोलणारा, पण आमच्या मालाने त्याचंही डोकं फिरलं होतं. मायाला हवी असते बिनऔषधाची ज्वारी. म्हणजे जिच्यात कीड लागू नये म्हणून गोळी ठेवलेली नाही अशी. एकदा ती स्वतःच बरोबर आली.

"भाभी, दुनिया माझ्याकडे येते, बोलते साईं, किडा नको," भूपेश म्हणाला. "तुम्ही एकटे आहात, बोलता किडा पाहिजे. मी धंदा करू की नको करू?"

"किडा तुमच्याकडून नकोय हो, किडा माझ्याकडे आहे!" माया त्याच्या गल्ल्यासमोर उभी राहून ओरडली. "त्याला खायला पाहिजे. जेवण. साफ जेवण!"

रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. भूपेशने हात जोडले. मी पोतं खांद्यावर घेऊन स्कूटरकडे निघालो. मायाचा आवाज आमच्या घरातून खालच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत आरामात जातो. ती वाईट बाई नाही, पण धीर हा शब्द तिच्या कोशात नाही. जिवंत माल सांभाळणाऱ्याला थांबता येत नाही असं ती म्हणते. असेल. पण त्यासाठी बँकेतल्या कॅशियरवर, रिक्षावाल्यावर आणि माझ्यावर सारखंच ओरडायची काय गरज आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो.

बदलापूरहून बारवीकडे जाताना आत डोंगरात एक ठाकरांचा पाडा आहे. पाड्याच्या मागे सागाची लागवड आहे, पाड्यातल्याच लोकांच्या समितीकडे राखणीला दिलेली. तिला दरवर्षी अळी पडायची. काही वर्षांपूर्वी कोणा ठेकेदाराने पंप आणून तिथे औषध फवारलं. अळी गेली, पण दुसऱ्याच दिवशी मोठी सर आली आणि ते सगळं वाहून खालच्या ओहोळात उतरलं. पाड्यातल्या बायका सकाळी पाण्याला गेल्या तर ओहोळाच्या काठाने चिंबोऱ्या उताण्या पडलेल्या. मासे पांढरी पोटं वर करून. पुढचे दोन पावसाळे त्या ओहोळात खेकडा दिसला नाही. पाण्यासाठी बायका वरच्या झऱ्यावर जायला लागल्या, तो चढ मी एकदा चढलो आहे, परत चढणार नाही.

हे मायाला कळलं चंद्रीकडून. चंद्री त्या पाड्यातली. बदलापूरच्या बाजारात रानभाजी घेऊन बसायची, तिथे दोघींची ओळख. चंद्रीचा नवरा सुकऱ्या भाताची खाचरं कसतो आणि एरवी जंगलखात्याच्या कामावर जातो. चंद्रीने चिंबोऱ्यांची गोष्ट सांगितली आणि मायाने भाजीची जुडी हातातच धरून तिला तिथल्या तिथे माश्यांचं पुराण ऐकवलं. मी पिशव्या धरून उभा. मला वाटलं, चंद्रीबाई आता हसणार. ती हसली नाही.

"मंग पंप नाय लागनार?" तिने विचारलं.

"नाही लागणार," माया म्हणाली.

त्या एका वाक्यावर माया वनपालसाहेबांकडे खेटे घालायला लागली. साहेब भला माणूस, पण त्यांच्याकडे राखायचं जंगल मोठं आणि माणसं थोडी. शेवटी कंटाळून त्यांनी तोंडी कबूल केलं. तीन पावसाळे पंप आणत नाही. तेवढ्यात तुमच्या माश्यांनी पानं वाचवून दाखवली तर ठीक, नाहीतर फवारणी. माया घरी आली तेव्हा तिने मला अंघोळीशिवाय घरात घेतलं, इतकी खूश होती.

पहिल्या वर्षी कार्डांवरची अंडी मुंगळ्यांनी खाल्ली. झाडाच्या खोडाला टोचली होती, मुंगळ्यांना घरपोच जेवण. मायाने दात-ओठ खाल्ले आणि पुढच्या वर्षीपासून पानाच्या देठाजवळ टोचायचं ठरवलं.

दुसऱ्या वर्षी पाऊस. पाड्यातल्या बायकांनी कार्डं घेतली, टोपलीत टाकली आणि धो धो पावसात उघड्या टोपलीने प्लॉटवर नेली. झाडाला लागेपर्यंत डिंक विरघळून अंडी टोपलीच्या तळाशी लापशीसारखी जमली होती. माया तिथे पोचली आणि जे ओरडली, ते मला ऐकवेना. सगळा पाडा बाहेर येऊन उभा होता.

"अक्कल आहे की नाही तुम्हाला? जिवंत आहे ते! पाणी लागलं की मेलं! वर्षभर मी घरातल्या माणसांचे हाल करून ही अंडी काढते आणि तुम्ही भिजवून टाकता? चंद्री, तुला सांगितलं होतं ना मी?"

चंद्री खाली बघत उभी होती. सुकऱ्या म्हणाला, "चुकला बाय. पुढच्या टायमाला नाय होनार."

घरी येताना मी मायाला म्हणालो, "एवढं बोलायला नको होतं. त्यांना कोणी पगार देतंय का?"

"मला देतंय?" ती म्हणाली. मी स्कूटर चालवली.

तिसरं वर्ष म्हणजे हे वर्ष, शेवटचं. मायाने उन्हाळ्यापासून तयारी केली. ट्रे वाढवले. हॉलमधला सोफा गॅलरीत गेला आणि सोफ्याच्या जागी पाखरं आली. आईने टीव्ही आपल्या खोलीत नेला आणि दाराला आतून कडी घातली. जुलैत पानं भरली, रानात पतंग दिसायला लागले असं सुकऱ्याचा फोन आला, आणि मायाने कार्डांवर माश्या सोडल्या. अंडी एकसारखी काळी पडली. इतकी सुंदर कार्डं तिने आयुष्यात काढली नव्हती. मलासुद्धा बघायला बोलावलं. मी अंघोळ करून गेलो, बघितलं, छान म्हणालो.

आणि मग पाऊस असा लागला की उल्हास नदी फुगली, बदलापुरात सखल भागात पाणी शिरलं आणि पाड्याच्या रस्त्यावरची मोरी पाण्याखाली गेली. कार्डं फ्रिजमध्ये. दूध, भाजी, सगळं बाहेर. माया दर तासाला फ्रिज उघडून बघायची आणि दर तासाला मी सांगायचो की असं उघडलंस तर गार कसं राहील. त्यात लाइट गेली. माया रडकुंडीला आली. कार्डं आता थांबणार नव्हती. आम्ही थांबलो असतो तर माश्या आमच्या फ्रिजमध्ये निघाल्या असत्या.

सकाळी आम्ही निघालो. स्कूटरवर पुढे मी, मागे मांडीवर थर्माकोलचा डबा घेऊन ती. मोरीपाशी गढूळ पाणी रोंरावत चाललं होतं. पलीकडे सुकऱ्या उभा होता. तो वरच्या अंगाला गेला, जिथे ओढा दगडांत अरुंद होतो, आणि तिथून उड्या मारत अलीकडे आला. मायाने डबा त्याच्या हातात दिला. तिला स्वतः जायचं होतं. मी तिचा दंड धरून ठेवला. त्या दगडांवरून जायला ठाकराचे पाय लागतात, बेलवलीच्या चपला नाही.

सुकऱ्या डबा डोक्यावर घेऊन पलीकडे गेला. माया काठावरून ओरडत होती, "भिजू देऊ नका! ऐकलं का? बाकी काही होवो, भिजू देऊ नका!"

सुकऱ्याने पलीकडून हात वर केला. त्याला सगळं नीट ऐकू गेलं होतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. सगळी लावली, एक पण भिजला नाय. मायाने त्या रात्री आईच्या पायाला तेल लावून दिलं. असं घरात फारसं होत नाही, म्हणून सांगितलं.

मोरी उघडली तोवर वनपालसाहेबांचा पाहणीचा दिवस आला होता. मायाने नवी साडी नेसली. मी म्हणालो, चिखलात चाललोय आपण. ती म्हणाली, असू दे. साहेब, त्यांचा एक गार्ड, आम्ही दोघं, असे प्लॉटवर चढलो. पावसाची भुरभुर चालू होती.

लांबून मला वाटलं, सागाला कसलीतरी फळं लागली आहेत. निळी निळी, चमकणारी. देठादेठाशी लोंबकळत होती. जवळ गेलो तर प्लास्टिकच्या पुड्या. चांगल्या जाड प्लास्टिकचे चौकोनी तुकडे, त्यात कार्डाचा तुकडा, वरून घट्ट गाठ, दोऱ्याने देठाला बांधलेली. एकेक पुडी इतकी नीट बांधलेली की सोनाराने कानातलं बांधून द्यावं. पूर्ण प्लॉटभर. एक झाड सोडलं नव्हतं.

मायाने एक पुडी तोडली. नखाने गाठ सुटेना, दाताने सोडली. आत घाम सुटल्यासारखं पाणी धरलं होतं आणि तळाशी काळी भुकटी होती. तिने ती तळव्यावर घेतली. भुकटी नव्हती ती. माश्या होत्या. अंड्यांतून वेळेवर निघालेल्या, धडधाकट, आणि बाहेर जायला वाट नसल्याने आतच मेलेल्या. डोक्यावर, हातभर अंतरावर, अळ्या पानं खात होत्या.

तिने दुसरी पुडी सोडली. तिसरी सोडली. मग मी तिचा हात धरला.

वनपालसाहेबांनी एक पान तोडून आभाळाकडे धरलं. पानातून आभाळ दिसत होतं. गार्डला हसू आलं होतं, ते त्याने दाबलं. साहेब मात्र हसले नाहीत.

"बाई, मी तीन वर्षं थांबलो," ते म्हणाले. "वरून मला विचारणा आहे. आता पंप आणावा लागेल. उघडीप मिळाली की लगेच."

"साहेब, माश्या चांगल्या निघाल्या होत्या. बघा ना. एकूणएक निघाल्यात."

"दिसतंय मला," साहेब म्हणाले, आणि गार्डला घेऊन खाली उतरले.

मी खूप चिडलो होतो. कोणावर, ते मला ठरवता येत नव्हतं. पाड्यातल्या लोकांवर चिडावं, तर पावसाळ्याचे चार महिने ही माणसं काडेपेटी, मीठ, तंबाखू, मोबाइल, रेशनकार्ड सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच जगवतात. जपायचं म्हणजे गुंडाळायचं, हे त्यांना आईच्या पोटातून कळतं. मायावर चिडावं, तर तिने भिजू देऊ नका सांगितलं होतं, गुंडाळू नका असं सांगायचं कोणाच्या डोक्यात येईल? तरी मी चिडलोच. हॉलमधला सोफा, फ्रिजमधली नासलेली भाजी, टॉवेलवर केलेले नमस्कार, सगळं एकदम आठवलं.

माया पाड्याकडे निघाली. साडीचा काठ चिखलात ओढत होता. मी मागून म्हणालो, "माया, जरा शांतपणे घे." तिने मागे बघितलं नाही. मला तिची चाल माहीत आहे. कॅशियरच्या खिडकीकडे ती याच चालीने जाते. आज चंद्रीची काही खैर नाही, असं मी धरूनच चाललो होतो.

चंद्री दारातच होती. आम्हाला बघून तिचं तोंड फुललं.

"आलीस बाय? बघलास ना? एक पण भिजू दिला नाय!"

मायाने तोंड उघडलं. मी डोळे मिटले.

आवाज आला नाही. मी डोळे उघडले तेव्हा माया घराच्या आत वर बघत होती. छप्पर ठिबकत होतं. एका ठिकाणी नाही, सगळीकडून. खाली पातेली, ताटं, एक प्लास्टिकचा टब, जे होतं ते मांडलेलं. अंथरुणं गुंडाळून एका कोपऱ्यात उंचावर ठेवली होती. चूल चिखल झाली होती. वर कौलांच्या फटींतून आभाळ दिसत होतं, आणि एका वाशाला निळ्या प्लास्टिकच्या कागदाची पट्टी लटकत होती. पट्टीची कड चौकोन कापत गेल्यासारखी सरळ होती.

"हे काय?" मायाने विचारलं.

"ता घरावरचा कागद," चंद्री म्हणाली. "औंदाच घेतलेला, जाड. बाजारच्या पिशव्या पातल असतात गं, वाऱ्यान फाटतात. मंग याला म्हटला, काढ घरावरचा. आमी बाया बसलो नि कापला. गेल्या साली तुझा लय नुकसान झाला ना."

सुकऱ्या बाजूला पाट पुसत होता. तो पाट त्याने मायासमोर ठेवला. माया बसली.

वर बघतच ती मला म्हणाली, "अहो, तुमचा रेनकोट द्या. वर घाला. चुलीवर तरी."

माझा रेनकोट नवा होता. तरी काढला. बाहेर एक ड्रम होता, त्यावर चढलो. छप्पर ठेंगणं, हात पुरत होता. रेनकोट पसरला, सुकऱ्या खालून दगड देत होता ते कडेला ठेवत गेलो. पाऊस मानेतून पाठीत उतरत होता. खालून दोघींचं बोलणं कौलांतून स्पष्ट ऐकू येत होतं.

"निंगाल्या का गं माशा?" चंद्रीने विचारलं.

"निघाल्या," माया म्हणाली. "सगळ्या निघाल्या."

"मंग आता पंप नाय ना येनार?"

मी हातातला दगड तसाच धरून थांबलो. खाली एका पातेल्यात पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. माझ्या बायकोने उत्तर दिलं नाही. चंद्रीने ते होच धरलं आणि चुलीवरची पातेली उचलायला लागली.